मिरची नसलेलं नंदुरबार

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना माहितीये, मध्येच शेजारचा कोंबडा दोनदा बोललाय. लिहून काढताना त्याला वगळलं. बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

तर मागच्या महिन्यात मी घरी एक प्रयोग केला. रात्रीच्या जेवणाला भात, वांग्याचं भरीत आणि गिलक्याची भाजी. यात काय मोठं, असं वाटेल. खान्देशात हे रोजचंच आहे. पण मी स्वतःला एक अट घातली होती. मिरची नाही. हिरवी नाही, लाल नाही, तिखटाची चिमूटही नाही. टोमॅटो नाही, बटाटा नाही, शेंगदाणे नाहीत, आणि फोडणी तिळाच्या तेलाची. तिखटपणासाठी मिरी आणि आलं, आंबटपणासाठी चिंच, शिवाय हळद, जिरं, मोहरी. कांदा-लसूण चालला असता, पण तोही मी टाकला नाही. का, ते पुढे सांगते.

आबांनी पहिला घास घेतला, ताटाकडे बघितलं आणि मायला विचारलं, "कोणाला बरं नाही का घरात?"

आता आमचं गाव नंदुरबारपासून जवळ. नंदुरबार म्हणजे राज्यातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी पसरतात. नजर जाईल तिथवर लाल, आणि गाडीची काच खाली केली की ठसका ठरलेला. इथल्या माणसासमोर मिरचीशिवायचं भरीत ठेवणं म्हणजे अपमानच. तरीही मी ते केलं, कारण हे ताट मी एका जुन्या पाहुण्याच्या सांगण्यावरून वाढलं होतं. त्याचं नाव इब्न बतूता.

मोरोक्कोतल्या तँजियर गावचा हा माणूस एकविसाव्या वर्षी घराबाहेर पडला आणि जवळपास तीस वर्षं फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाकडे तो काझी होता. ज्याने राजधानी दौलताबादला हलवली, तोच हा तुघलक. 1342 साली सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनकडे पाठवलं. दिल्लीहून दौलताबाद, तिथून नंदुरबार, मग सोनगड, मग खंभातचं बंदर, असा त्याचा रस्ता होता. पुढे मायदेशी परतल्यावर त्याने सगळा प्रवास तोंडी सांगितला आणि दुसऱ्या एकाने तो लिहून काढला. 1355 च्या सुमारास ग्रंथ पुरा झाला. म्हणजे बघा, मुळात तो एक लांबलचक पॉडकास्टच होता.

त्यात नंदुरबारवर मोजकी वाक्यं आहेत. गाव लहान आहे, मराठे राहतात, हातच्या कसबात तरबेज आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असं तो सांगतो. आणि पुढे त्यांच्या जेवणाबद्दल बोलतो: भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल. प्राण्याला दुखवणं त्यांना पटत नाही, जेवणाआधी ते अंघोळ करतात, दारू त्यांच्या लेखी फार मोठा दुर्गुण.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ नुसतीच बसले. आपलं गाव शाळेच्या इतिहासात यायचं ते शिरीषकुमार मेहता या बालवीरामुळे, 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीवरच्या गोळीबारामुळे. तेवढा एक धडा. आणि इथे त्याच्याही सहाशे वर्षं आधी कोणीतरी आमच्या गावच्या लोकांच्या ताटात काय होतं ते नोंदवून गेलंय!

पण जरा थांबा. बतूता नेमका कोणाबद्दल बोलतोय? तो स्वतःच सांगतो की मराठ्यांतले वरचे लोक म्हणजे ब्राह्मण आणि क्षत्रिय, आणि हे वर्णन त्यांचं आहे. म्हणून मी कांदा-लसूण टाकला नाही. सुलतानाचा वकील गावात उतरला तर कोणाच्या घरी जाईल? ज्याचा वाडा मोठा, त्याच्या. गावकुसाबाहेर काय शिजत होतं, सातपुड्यातल्या भिलाच्या चुलीवर काय होतं, यातलं त्याला काही दिसलं नाही. दिसलं असेल तर त्याने सांगितलं नाही. आणि तो भाजीपाला कोणी लावला होता, पाणी कोणी घातलं होतं, बी कोणी राखलं होतं? ते त्याने विचारलंसुद्धा नसेल. पाहुण्याला ताट दिसतं, परसदार दिसत नाही.

आता त्या ताटात काय नव्हतं ते बघू. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला 1492 ला, म्हणजे बतूता नंदुरबारहून गेल्यावर दीडशे वर्षांनी. पोर्तुगीज 1498 ला कालिकतला आले, 1510 ला त्यांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची आपल्याकडे आली. तिचं नावही आपण आपल्या जुन्या मिरीवरून पाडलं. बटाटा हा तर शब्दच पोर्तुगीज. मका अमेरिकेचा. शेंगदाणा अमेरिकेचा. टोमॅटो, पेरू, पपई तिकडचे. उपासाचा राजगिरा, तोही तिकडचाच. आणि आमच्याकडे ज्याला डांगर किंवा गंगाफळ म्हणतात तो लाल भोपळा, तोसुद्धा! फुलकोबीचं बी तर 1822 मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आलं.

मग आपलं काय उरलं? बरंच उरलं. वांगं इथलं. काकडी, कारलं, दोडका, गिलकं इथलेच. तूर इथली, तीळ इथला. म्हणूनच माझ्या प्रयोगात वांगं आणि गिलकं होतं.

"गावरान" हा शब्द आपण फार सहज वापरतो. गावरान मका, गावरान मिरची. धडगावच्या डोंगरात मक्याची भाकरी हे रोजचं अन्न आहे, आणि तिथल्या मक्याचे पांढरे-पिवळे-जांभळट वाण बघितले तर हा दाणा परका असेल असं कोणाला वाटणार नाही. पण कधीतरी तिथल्या एका बाईच्या हातात पहिल्यांदा तो अनोळखी दाणा आला असेल. तिने तो खाऊन बघितला असेल, थोडा पेरून बघितला असेल. नवरा, सासू काहीतरी बोललीच असेल. आवडलेल्या कणसाचं बी तिने चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलं असेल. पुढच्या वर्षी शेजारणीला दिलं असेल. हे शे-दोनशे वर्षं चाललं की मग दाणा गावरान होतो. या बाईचं नाव कुठल्या बखरीत नाही.

दुसरा पाहुणा. हा भाग जरा जड आहे, जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा.

सुरत ते बुऱ्हाणपूर हा जुना व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून जायचा. इंग्रज कंपनीचा पीटर मंडी नावाचा माणूस नोव्हेंबर 1630 मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. तेव्हा गुजरात, खान्देश आणि दख्खनवर मोठा दुष्काळ पडला होता, 1630 ते 32 चा. संत तुकारामांच्या आयुष्यात जो दुष्काळ येतो, तोच हा. मंडीने या वाटेवर प्रेतं पडलेली बघितली, आणि नंदुरबारबद्दल त्याने जे लिहिलंय ते तर वाचवत नाही. त्याच सुमारास शाहजहान बादशहा बुऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. त्याने काही शहरांत लंगर उघडले. जून 1631 मध्ये मुमताज महल गेली ती याच बुऱ्हाणपुरात, पण ताजमहालाच्या रीलमध्ये हा दुष्काळ कोणी दाखवत नाही.

मला यात परसबागेचा प्रश्न दिसतो. असा दुष्काळ पडतो तेव्हा घरातलं आधी काय जातं? धान्य संपतं, मग गुरं जातात, आणि मग बियाणं खाल्लं जातं. बी खाल्लं की पाऊस आला तरी पेरायला काही नसतं. मग जगतं ते आपोआप उगवणारं. तांदुळजा, घोळ, टाकळा, डोंगरातले कंद, मोहाची फुलं. 1886 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड निघाला, वनस्पतींचा. त्यात डॉ. लिस्बोआ या गोव्याच्या डॉक्टरने दुष्काळात लोक कोणत्या वनस्पती खातात याची वेगळी नोंद केली. सरकारी पुस्तकात "दुष्काळी अन्न" म्हणून लिहिलेली यातली बरीच नावं आज आपल्याकडे पावसाळ्यात "रानभाजी महोत्सवा"त स्टॉलवर दिसतात. मला रानभाज्या फार आवडतात. पण मोहोत्सवात प्लेट घेताना कधी कधी मंडी आठवतो.

तिसरा पाहुणा त्या मानाने सुखाचा. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निये, फ्रेंच जवाहिऱ्या. आज होप डायमंड म्हणून जगात गाजलेला निळा हिरा मूळ ज्या मोठ्या हिऱ्यातून कापला गेला, तो भारतातून नेणारा हाच. 1676 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात याच रस्त्यावरचं नवापूर येतं. हिऱ्यांची पारख असलेला हा माणूस नवापुरात कशावर खूश झाला? तांदळावर. दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा बारीक, शिजल्यावर बर्फापेक्षा पांढरा, आणि वास कस्तुरीसारखा. मोठमोठे उमराव हाच खातात, आणि इराणमध्ये कोणाला खूश करायचं तर याचं एक पोतं भेट न्यावं, असं तो सांगतो. नवापूरकडे पाऊस जास्त, भात आजही होतो. आणि तिथल्या तुरीच्या डाळीला आता भौगोलिक मानांकनही आहे. पण ताव्हेर्नियेचा तो कस्तुरीच्या वासाचा तांदूळ आज कोणाच्या शेतात आहे का? मी नवापूरच्या मैत्रिणींना विचारलं. प्रत्येकीने वेगळं नाव सांगितलं आणि प्रत्येकीला तिचाच तांदूळ तो वाटतो. त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

आता हे सगळं माझ्या डोक्यात का आलं, तर एका डब्यामुळे.

माझी आजी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गेली. घराच्या मागे न्हाणीचं पाणी जातं तिथे तिची परसबाग होती. बाग म्हणायला ती मोठी नव्हती, दोन खाटा मावतील एवढी जागा. अळू, कढीपत्ता, एक वांग्याची ओळ, आणि पऱ्हाट्यांच्या मांडवावर वेल. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहिलेली झाडं. आमच्याकडे जळणही तेच, कुंपणही तेच. 1972 च्या दुष्काळात आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली, मुलांना मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले, पण न्हाणीचं पाणी वाया जाऊ दिलं नाही, असं ती सांगायची. अंघोळीला एक तांब्या कमी, पण ते पाणी वेलालाच. मी लहान असताना तिच्या तोंडी एक प्रश्न कायम असायचा. कोणी बाजारातून नवीन भाजी आणली, लग्नात वेगळं काही खाल्लं, मामाने शेतातून काही पाठवलं, की ती विचारायची, "बी कोठे शे?" शे म्हणजे आहे, आमच्या अहिराणीत. भाजी छान झाली का, कितीला मिळाली, हे नंतर.

मी पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा परसबाग वाळली. मायला शेतातून वेळ नाही, आबांना आवड नाही. यंदा जानेवारीत मी कायमची घरी आले, आणि कोठीत पत्र्याचा एक डबा सापडला. आत राख, आणि राखेत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या नऊ पुरचुंड्या. एकीवरही नाव नाही. आजीला लिहिता येत नव्हतं, आणि तिला चिठ्ठीची गरजही नव्हती. तिला गाठीवरून कळायचं.

बतूता, मंडी, ताव्हेर्निये सगळे लिहून गेले. आणि ज्या बाईला खरं माहीत होतं, तिने नऊ गाठी ठेवल्या.

मी आणि माय ओट्यावर बसलो आणि एकेक गाठ सोडली. काळ्या, चपट्या, गुळगुळीत बिया म्हणजे गिलकं, ते मायने बघताक्षणी सांगितलं. दोडक्याचं बीही काळंच, पण खरबरीत असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोठ्या पांढरट चपट्या म्हणजे डांगर. खसखशीसारख्या बारीक, चकचकीत काळ्या म्हणजे पोकळा. वालाला भुंगा लागून निव्वळ भुगा झाला होता. मिरची आणि वांगं कळलं. अंबाडी शेजारच्या काकूंनी ओळखली. कांद्याचं बी होतं, पण ते एका वर्षात मरतं, म्हणून पेरून उपयोग नव्हता. आणि एक पुरचुंडी अशी निघाली की तिच्यातलं बी कोणालाच ओळखेना. तपकिरी, लांबट, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. काकूंना नाही, आत्याला नाही. मी फोटो काढून तीन-चार गटांवर टाकला. उत्तरं आली अकरा, सगळी वेगळी.

महाशिवरात्रीच्या सुमारास मी पेरणी केली. आपल्याकडे लोकांना वाटतं परसबाग म्हणजे पावसाळा. पण खान्देशात भाजीची खरी तंगी होळीपासून मृगापर्यंत असते. मेथी-पालक उन्हात टिकत नाही, बाजारात भाव चढतात, आणि त्याच दिवसांत घरात कुरडया-पापड-सांडग्यांची वाळवणं सुरू होतात. पूर्वीच्या बायका या चार महिन्यांची तयारी दोन बाजूंनी करायच्या. गवार, मेथी, अंबाडी हिवाळ्यातच सुकवून ठेवायची, आणि न्हाणीच्या पाण्यावर काही वेल जगवायचे. उन्हाळी वेलांना पेरायची वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. उशीर झाला की रोप लहान असतानाच ऊन त्याला गाठतं.

मी काय केलं ते सांगते, कारण गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आमची जमीन काळी, उन्हात भेगाळते. म्हणून फूटभर खोल आळी केली, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. एका आळ्यात चार बिया, उगवल्यावर दोन चांगली रोपं ठेवायची. वर उसाचं पाचट अंथरलं. पाणी संध्याकाळी. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी घालायचं नाही, फक्त अंघोळीचं आणि भाज्या-तांदूळ धुतलेलं. पालेभाजीला मात्र स्वच्छच पाणी. एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर गेला तेव्हा मांडवावर जुनी साडी बांधली. कुंडीतही हे सगळं जमतं, फक्त कुंडी मोठी घ्या. गॅलरीतल्या छोट्या डब्यात गिलकं लावून मला फोटो पाठवू नका, वाईट वाटतं.

काय उगवलं? गिलक्याच्या बारा बियांपैकी पाच. डांगराच्या दहापैकी दोन, त्यातलं एक रोप उंदराने खाल्लं. पोकळा भरपूर, जणू वाटच बघत होता. वांग्याची सात रोपं. मिरचीचं एकही नाही! मिरचीच्या गावात, आजीच्या डब्यातली मिरची मेली. अंबाडी पावसाळ्यासाठी राखून ठेवलीय. ओळखू न आलेलं बी मी दोन भाग करून पेरलं, निम्मं फेब्रुवारीत, निम्मं मार्चमध्ये. काहीच उगवलं नाही. म्हणजे आता ते काय होतं हे कधीच कळणार नाही. आजी दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथेच ओट्यावर बसलेली असायची. मी सुट्टीत यायचे, तिच्याच शेजारी बसून सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे व्हिडिओ बघायचे.

पहिली वीस दिवस गिलक्याला फुलं यायची आणि गळायची. मी घाबरले. काकू हसल्या. आधी नुसती नर फुलं येतात, आणि मादी फुलाच्या मागे छोटंसं गिलकं असतं, ते दिसेपर्यंत थांबायचं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, हेही त्यांनीच सांगितलं. मधमाश्या कमी दिसल्या तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवायचं. मी सकाळी सहाला उठून हे करायचे. माय म्हणायची, एवढ्या वेळेत बाजारातून दोन किलो आणली असतीस.

तिचं चूक नाहीये. बाजारात पाकीटबंद संकरित बी मिळतं, ते जोमाने येतं, फळं एकसारखी लागतात. शेतात आम्हीही तेच लावतो. पण संकरित फळाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक आईबापावर जाईल याची खात्री नाही. दर वर्षी पाकीट घ्यावं लागतं. आजीच्या गिलक्याचं तसं नाही. एक फळ वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत खुळखुळ वाजलं पाहिजे, मग पुढच्या दहा घरांना पुरेल एवढं बी निघतं. आणि बी राखणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, असं आपल्या देशात 2001 चा कायदाच सांगतो. ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही, एवढीच अट.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारे लोकही आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, त्यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाला साथ देणारी बायफ ही संस्था आपल्या धडगाव भागातही मका-ज्वारीचे स्थानिक वाण जपायचं काम आदिवासी शेतकऱ्यांबरोबर करते. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा कुपोषणामुळे. त्यामुळे अंगणवाडी आणि शाळांच्या परसबागांवर इथे भर आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. पण नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवरात बाधित झाली, आणि त्यातली बरीच माणसं खाली तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. तिथल्या एका आजींना मी विचारलं, येताना काय काय आणलं? त्यांनी भांडी सांगितली, कोंबड्या सांगितल्या, आणि मग म्हणाल्या, बी आणलं. डोंगरातलं बी सपाटीच्या मातीत लागलं का? काही लागलं, काही रुसलं, म्हणाल्या.

आता परत माझ्या ताटाकडे. आबांनी विचारलं कोणाला बरं नाही का, तिथे आपण थांबलो होतो. त्यांनी दोन घास खाल्ले, मग उठून स्वतः ठेच्याची वाटी घेऊन आले. भरताची त्या बिचाऱ्या चौदाव्या शतकातून थेट एकविसाव्यात उडी झाली. गिलक्याची भाजी मात्र ठेच्याशिवायही संपली. तिळाच्या तेलात मोहरी-जिरं, किसलेलं आलं, कोवळी गिलकी सालासकट, झाकण ठेवून स्वतःच्या पाण्यात शिजवायची, शेवटी मिरपूड आणि भाजलेल्या तिळाचं कूट. करून बघा. एकच सूचना, तेल कच्चं राहू देऊ नका, नाहीतर घरभर वास राहतो आणि तुम्हालाही विचारतील कोण आजारी आहे ते.

मे उजाडला तेव्हा मांडवावर पाच-सहा गिलकी लटकत होती. त्यातलं सगळ्यात लांब, सरळ, निरोगी गिलकं मी बियाण्यासाठी राखलं. देठाला लाल दोरा बांधला, घरात सगळ्यांना सांगितलं, याला हात लावायचा नाही. गेल्या रविवारी मी रेकॉर्डिंगसाठी नंदुरबारला गेले होते. घरी अचानक पाहुणे आले. संध्याकाळी परत आले तर ताटात गिलक्याची भजी, गरमागरम, आणि केराच्या टोपलीत लाल दोरा.

मी मायकडे बघितलं. ती म्हणाली, "पाहुण्यांना काय दोरा खाऊ घालू? दुसरं राख."

भजी चांगली झाली होती. पाहुण्यांमधल्या एका मावशींनी दोनदा मागून घेतली आणि जाताना मायला विचारलं, इतकी गोड गिलकी कुठली, याचं बी मिळेल का. माय म्हणाली, पावसाळ्यानंतर या. आता मांडवाच्या अगदी आत, पानांमागे एक गिलकं आहे. यावेळी दोरा बांधलेला नाही.